डी वाढलं, सीआरपी तिथंच!

या महिन्याच्या पत्रांत एकच अक्षर सारखं डोळ्यांत भरत होतं : डी, म्हणजे व्हिटॅमिन डी. शुगर काठावर (प्रीडायबेटिस) आहे, डी कमी निघालंय, आता काय? पहिल्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे. लिहिणाऱ्या बाईंनी आकडे इतके नीट मांडलेत की मला गोलमाल उत्तर देऊन सुटायला वावच ठेवलेला नाही.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. वय ५१, हिशेबाचं बैठं काम. चार महिन्यांपूर्वी तपासण्या केल्या. उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.१, व्हिटॅमिन डी १३, एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ४.६. डॉक्टरांनी आठवड्याला ६० हजार युनिटची गोळी आठ आठवडे दिली, मग महिन्याला एक. दरम्यान मी कुठंतरी वाचलं की डीमुळे शरीरातली सूज कमी होते आणि सूज उतरली की प्रीडायबेटिस मागे फिरतो. मोठ्या आशेनं परवा सगळं पुन्हा तपासलं. डी ४१. एचबीए१सी ६.०. सीआरपी ४.४. डी तिपटीनं वाढलं आणि सूज तिथंच! डोस कमी पडतोय का? पुन्हा दर आठवड्याला सुरू करू? आमचे हे म्हणतात, सगळं थोतांड आहे, बंद कर.

उत्तर : तुमचे हे निम्मे बरोबर आहेत. कुठलं निम्मं, ते पुढे सांगते.

आधी एक हिशेब, तुमच्याच धंद्यातला. ६.१ चं ६.० झालं याला जमा म्हणू नका आणि ४.६ चं ४.४ झालं यालाही नाही. लागोपाठ दोन दिवस रक्त दिलंत तरी एवढा फरक सहज पडतो. सीआरपी तर फारच चंचल. साधी सर्दी होऊन गेली तरी तो वर जातो. तेव्हा तुमच्या कागदावर खरोखर हललेला आकडा एकच, डीचा. गोळीनं तिचं काम चोख केलंय. तुम्ही तिच्याकडून दुसऱ्याच कामाची अपेक्षा धरून बसला होतात.

ही अपेक्षा आली कुठून, ते पाहू, कारण ती काही खुळचट नाही. 'सूज' या शब्दानं आपली फसगत होते. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडतो, ती सूज वेगळी. ठेच लागल्यावर अंगठा लाल होतो, तापतो, ठणकतो, ती या सुजेची बहीण म्हणता येईल, पण ती चार दिवसांत आपलं काम उरकून निघून जाते. प्रीडायबेटिसमधली सूज दिसत नाही, दुखत नाही आणि जातही नाही. पोटातल्या चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की तिथं संरक्षक पेशी जमा होतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ अशी रसायनं थोडी थोडी सोडत राहतात. लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा जास्त असतं आणि ते निकामी केलं की इन्सुलिन पुन्हा बरं काम करू लागतं, हे होतामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांच्या गटानं १९९३ मध्ये दाखवलं. आयएल-६ यकृतापर्यंत पोचलं की यकृत सीआरपी बनवतं. तुमचा ४.६ तिथून आला. १ च्या खाली उत्तम, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, अशी त्याची साधारण मोजपट्टी. पण ती हृदयविकाराचा धोका जोखायला बनवलेली आहे, साखरेचा नव्हे.

आता डी. या संरक्षक पेशींच्या आत डीसाठी जागा असतात. नुसत्या जागाच नाहीत, मूत्रपिंडाप्रमाणे याही पेशी रक्तातलं डी उचलून स्वतःपुरतं कामाचं करून घेतात. आणि प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर डी घातलं की दाहाची, म्हणजे याच सुजेची, रसायनं कमी सुटतात. त्यात भर म्हणजे, लोकसंख्येच्या पाहण्यांत डी कमी असलेल्यांचा सीआरपी जास्त असतो आणि त्यांना मधुमेहही जास्त होतो. गोष्ट इतकी घट्ट जुळून येते की मीही तिच्या प्रेमात पडले होते. पंधराएक वर्षांपूर्वी माझी उपाशीपोटी साखर १०६ आली, डी १६. मी गोळी सुरू केली आणि पुढचं वर्षभर दवाखान्याचा जिना टाळून लिफ्टनं गेले, कारण उपचार चालू होता ना! वर्षाअखेर डी ३८ झालं, साखर १०९. रुग्णांना मी कधी हे सांगितलं नव्हतं. तुमचं पत्र वाचून सांगावंसं वाटलं.

मग गोष्ट फसते कुठं? एक म्हणजे, आधी काय आणि नंतर काय, हेच उलटं असू शकतं. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची रक्तं तपासली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांत सीआरपी वर उडाला आणि त्याच वेळी डी घसरलं. त्या दोन दिवसांत कुणी ऊन टाळलं म्हणून काही डी घसरलं नव्हतं. म्हणजे दाह असला की रक्तातलं डी कमी दिसतं. दुसरं म्हणजे चरबी. डी चरबीत विरघळतं, म्हणून जाड माणसाच्या रक्तात ते कमी सापडतं, आणि त्याच माणसाचा सीआरपीही जास्त असतो. दोघं एकाच घरात राहतात म्हणून एकानं दुसऱ्याला जन्म दिला असं होत नाही.

यावर तोड एकच : चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट डी दिलं गेलं. त्यातल्या काहींचे दाहाचे आकडे तपासले, तेव्हा दोन वर्षांनी सीआरपी १९ टक्क्यांनी कमी दिसला. चार वर्षांनी पाहिलं तर तो फरक जवळजवळ विरून गेलेला. मथळे अर्थातच दोन वर्षांच्या आकड्यावर होतात.

ती सर्वसाधारण माणसं. खास प्रीडायबेटिसवाल्यांवरची मोठी चाचणी म्हणजे 'डी२डी', २०१९ ची. २,४२३ माणसं, रोज ४,००० युनिट, सरासरी अडीच वर्षं. खऱ्या गोळीच्या गटात २९३ जणांना मधुमेह झाला, रिकाम्या गोळीच्या गटात ३२३ जणांना. फरक आहे, पण योगायोगानंही पडू शकेल एवढाच. नॉर्वेतल्या ट्रोम्सो इथं ५११ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षं आठवड्याला २० हजार युनिट दिलं, तिथंही तेच. जपानमध्ये डीचं एक वेगळं, सुधारलेलं रूप १,२५६ जणांपैकी निम्म्यांना दिलं, तिथंही तेच : फरक डीच्या बाजूनं, पण ठाम म्हणण्याइतका नाही. २०२३ मध्ये या तिन्ही चाचण्यांतली माणसं एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा मात्र फरक ठाम झाला. धोका १५ टक्क्यांनी कमी. ऐकायला भारी वाटतं. माणसांत मोजायचं तर असं : प्रीडायबेटिस असलेल्या शंभर जणांनी तीन वर्षं रोज डी घेतलं, तर त्यातल्या तिघांचा मधुमेह टळतो किंवा पुढे ढकलला जातो. उरलेल्या सत्त्याण्णवांना जे व्हायचं तेच होतं.

तिघं म्हणजे कमी नाहीत, त्यातली एक तुम्ही असाल तर अजिबातच नाहीत. म्हणूनच एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये प्रीडायबेटिस असून मधुमेहाचा धोका जास्त असलेल्यांना, राहणीमानातल्या बदलाच्या जोडीला, डी सुचवलंय. 'जोडीला' हा शब्द मी स्वतःला पुन्हा पुन्हा वाचून दाखवते. कारण मधुमेह टाळण्यावरच्या २००२ च्या डीपीपी चाचणीत ३,२३४ माणसांपैकी ज्यांनी वजन ७ टक्क्यांनी उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं लक्ष्य धरलं, त्यांचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी. तुम्ही हिशेबनीस आहात, १५, ३१ आणि ५८ एकाखाली एक लिहा आणि बघत बसा.

आता तुमचा खरा प्रश्न : सूज उतरवायला डोस वाढवू का? नाही. आणि याचं मला पटलेलं कारण डीच्या नव्हे, वेगळ्याच औषधाच्या चाचणीत आहे. कॅनाकिनुमॅब नावाचं एक इंजेक्शन आहे, दाहाच्या साखळीतली एक महत्त्वाची कडीच तोडणारं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या १०,०६१ जणांवर ते वापरलं. सीआरपी खाली आला, डीमुळे कधी येणार नाही इतका खाली. हृदयाचे झटकेही थोडे कमी झाले. या मंडळींत जवळजवळ निम्मे तुमच्या-माझ्यासारखे काठावरचे होते. त्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण? जैसे थे. म्हणजे सीआरपी खाली ओढला तरी साखर त्याच्यामागून निमूट खाली येत नाही. तुम्ही ज्या दोरीला लोंबकळताय ती घंटेला बांधलेलीच नाही.

सीआरपी निरुपयोगी आहे असं मात्र नाही. तीन वर्षांपूर्वी माझा ११ आला. दहाच्या वर आला की नेहमीची मोजपट्टी बाजूला ठेवायची आणि शरीरात कुठं काही शिजतंय का ते शोधायचं. मला ताप नाही, खोकला नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा केला, ९. शेवटी दंतवैद्यांनी आरशात दाखवलं : मागच्या दोन दाढांभोवतीच्या हिरड्या सुटलेल्या, दात घासताना रक्त येत होतं आणि मी ते वर्षभर 'ब्रश कडक आहे' म्हणून सोडून देत होते. हिरड्यांवर उपचार झाले, तीन महिन्यांनी सीआरपी १.८. तुमच्याही पत्रात दातांचा उल्लेख नाही, वजनाचा नाही, झोपेचा नाही, घोरण्याचा नाही. ४.४ चं उत्तर या चौघांतल्या कुणाकडे तरी असण्याची शक्यता मला डीच्या डब्यापेक्षा जास्त वाटते.

तर करायचं काय? १३ ही खरी कमतरता होती, ती भरायलाच हवी होती, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. इथं तुमचे हे चुकले. आता ४१ वर पुन्हा आठवड्याचा डोस सुरू करून काही मिळणार नाही, इथं ते बरोबर. महिन्याला एक गोळी चालू ठेवा, किंवा डॉक्टरांना विचारून तिच्याऐवजी रोजची लहान मात्रा घ्या, १,००० ते २,००० युनिटची. मला रोजची आवडते. मोठ्या चाचण्यांतही छोटी, नेमानं दिलेली मात्रा बरी वागते. उलट २०१० च्या एका चाचणीत वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिलं, तेव्हा त्या कमी पडायच्या सोडून जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. गोळी दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी नको. सीआरपी पुन्हा करू नका. एचबीए१सी सहा महिन्यांनी. आणि पुढच्या पत्रात मला कंबरेचं माप कळवा.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे. प्रीडायबेटिस आणि रक्तदाब आहे. दीड वर्षापूर्वी डी कमी आलं म्हणून आठवड्याला ६० हजारांची गोळी सुरू झाली, ती अजून चालू आहे, शिवाय कॅल्शियमची रोज एक. दोन महिन्यांपासून त्यांना खूप तहान लागते, रात्री चार-पाच वेळा उठतात, पोट साफ होत नाही, गप्प गप्प असतात. शुगर वाढली म्हणावं तर घरच्या मशीनवर १२५-१३० च दिसते. मधुमेह सुरू झालाय का?

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून मी त्यांना त्याच दिवशी फोन केला. परवानगी घेऊन इथं देते आहे, कारण अशी घरं आणखी असणार.

मी तीन गोष्टी सांगितल्या : डी आणि कॅल्शियम दोन्ही आजपासून बंद, रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आजच, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे आजच. कॅल्शियम १२.३ निघालं. दोन दिवस सलाइन लावावं लागलं.

तहान आणि सारखी लघवी म्हटलं की आपलं बोट थेट साखरेकडे जातं. पण साखर १३० असताना अशी तहान लागत नाही. रक्तात कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवी, म्हणून तहान. बद्धकोष्ठ, मळमळ, गुंगल्यासारखं होणं, क्वचित मूतखडा, हीही त्याचीच लक्षणं. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळीत थायाझाइड हे लघवी वाढवणारं औषध होतं. ते कॅल्शियम लघवीवाटे जाऊ देत नाही, त्यामुळे त्यानंही हातभार लावला. आठ आठवड्यांची चिठ्ठी दीड वर्ष चालली. ती थांबवायची आहे हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. दोष कुणाचा, हे ठरवण्यात मला रस नाही. चिठ्ठीवर सुरुवातीची तारीख असते तशी शेवटची तारीखही लिहून मागा, एवढंच म्हणेन. सलाइननं कॅल्शियम उतरलं तरी चरबीत साठलेलं डी आणखी काही महिने झिरपत राहतं, म्हणून पुढचे काही आठवडे कॅल्शियम तपासत राहायचं आहे.

प्रश्न : काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात रोज अर्धा तास बसते, तरी डी ११. ऊन खोटं का?

उत्तर : ऊन खरं, काच आडवी आली. त्वचेत डी तयार करणारे यूव्हीबी किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. ऊब मिळते, डी नाही. बाहेर उभं राहिल्यावर सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल तर त्या उन्हात डी बनतं, लांब पडत असेल तर फारसं नाही. सावळ्या त्वचेला वेळ जास्त लागतो. आणि ११ असेल तर एकट्या उन्हाच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा, उंची १७२, वजन ६६. जाड नाही. तरी एचबीए१सी ५.९ आणि डी ९. तुम्ही आणि सगळेच चरबी, चरबी करता, मग माझं काय? माझ्या बाबतीत डीनं फायदा होईल का?

उत्तर : तुमच्या चिडण्यात तथ्य आहे. आणि तुमच्यासाठी डीची बाजू पहिल्या पत्रातल्या बाईंपेक्षा जरा जड आहे.

डी२डी मधल्या बहुतेकांचं डी सुरुवातीलाच बरं होतं, सरासरी २८. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काय होणार, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे आणि मला तो रास्त वाटतो. ज्यांचं डी १२ च्या खाली होतं, अशांचं त्याच चाचणीत नंतर वेगळं गणित मांडलं, तेव्हा धोका निम्म्याहूनही खाली आलेला दिसला. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३० च्या खाली असलेल्यांतही फायदा जास्त दिसला. पण हुरळू नका. १२ खालचे जेमतेम १०३ जण होते, आणि हे निकाल लागल्यावर केलेलं पृथक्करण आहे. पत्ते उघडे पडल्यावर डाव जुळवता येतो. तरी दोन्ही रकान्यांत तुम्ही बसता आणि ९ हे डी तर तसंही भरायलाच हवं. म्हणून वाद घालत न बसता भरा.

चरबीचं म्हणाल तर वजनकाटा सगळं सांगत नाही. हातपाय काटकुळे आणि पोट थोडं पुढे, अशा माणसाच्या यकृताभोवती आणि आतड्यांभोवती चरबी असू शकते. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे तुमच्या बाबतीत ८६ सेंटिमीटरच्या वर भरली, तर 'मी जाड नाही' हे वाक्य मागे घ्या. कमी भरली, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. लोह कमी असेल तर एचबीए१सी आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि माणूस नसलेल्या प्रीडायबेटिसची काळजी करत बसतो. आणि घरात आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह आहे का, ते तुम्ही लिहिलंच नाही.

प्रश्न : डीची एकही गोळी घेतलेली नाही, तरी रिपोर्टमध्ये ९६ आलं! गेल्या वर्षी १७ होतं. केस गळतात म्हणून बायोटिन मात्र घेते.

उत्तर : तेच. तपासणीच्या काही यंत्रांत बायोटिनचाच वापर करून डी मोजतात. रक्तात बायोटिन भरपूर असलं की यंत्र गोंधळतं आणि डी खोटंच जास्त दाखवतं. बायोटिन तीन दिवस बंद ठेवा, लॅबला तसं सांगा आणि पुन्हा तपासा. त्याच दिवशी थायरॉइडचंही रक्त दिलं असेल, तर तो रिपोर्टही तोवर खरा धरू नका.